उकडीचे मोदक तळणीचे का झाले?

प्रश्न : बंगळुरूच्या येलहंका न्यू टाउनमधून एक वाचक लिहितात : “गौरी-गणपतीच्या सुमारास मला पॉलिमर क्लेचा नाद लागला. बोराएवढे उकडीचे मोदक करायचे, मागून लोहचुंबक चिकटवायचं आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला फ्रिजवर लावायचं वाण म्हणून द्यायचं, असा बेत आहे. हाताला वळण आहे, कळ्याही नीट पडतात. घोडं अडतं ते भाजण्यात. पाकिटावर २७५ अंश लिहिलं होतं. आमच्या लहान ओटीजीचं बटण २५०च्या पुढे जातच नाही, म्हणून ते शेवटपर्यंत फिरवलं. सात-आठ मिनिटांत डोळे झोंबणारा वास सुटला आणि उकडीचे मोदक तळणीचे होऊन बाहेर आले! दुसऱ्या घाण्याला इतकी धास्ती घेतली, की १०० वर पंधराच मिनिटं ठेवले. रंग पांढराशुभ्र राहिला, पण गार झाल्यावर हात लागताच कळ्या तुटल्या. तिसऱ्या खेपेला मैत्रिणीच्या सांगण्यावरून १३० वर अर्धा तास. तेव्हा मागच्या रांगेतले पिवळे पडले आणि पुढचे ठिसूळ निघाले. तेच पाकीट, तोच ओटीजी, तेच हात. मग दर वेळी नवी चूक येते कुठून? सासूबाई म्हणतात, पूर्वी आम्ही नानकटाईचे पत्रे बेकरीतून भाजून आणायचो, तसं हे कोपऱ्यावरच्या अय्यंगार बेकरीत दे. देऊ का? सोबत आमच्या सोसायटीतल्या बायकांचेही प्रश्न पाठवते आहे.”

उत्तर : सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर पुढे देतो. आधी तुमच्या तीन घाण्यांकडे पाहू, कारण त्यात तीन वेगळ्या चुका आहेत आणि त्या ओळखल्या तर चौथा घाणा साधेल.

पहिली चूक एककाची. पाकिटावरचे २७५ अंश फॅरनहाइटचे होते आणि तुमच्या बटणावरचे आकडे सेल्सियसचे. फॅरनहाइटमधून ३२ वजा करा, उरलेल्याला ५ ने गुणा आणि ९ ने भागा. २७५ मधून ३२ गेले की २४३, त्याला ५ ने गुणलं की १२१५, आणि ९ ने भागलं की १३५. अमेरिकी पाकिटांवर २७५ मोठ्या अक्षरांत असतं आणि जवळच कुठेतरी बारीक अक्षरांत १३० सेल्सियस छापलेलं असतं; कंपनी पूर्णांक करताना थोडं खाली येते. म्हणजे तुमचे मोदक हव्या त्यापेक्षा जवळपास १२० अंश जास्त तापले. सगळ्या कंपन्यांचं तापमान एकच नसतं, हेही ध्यानात असू द्या. जर्मनीच्या फिमो सॉफ्टला ११० सेल्सियस आणि अर्धा तास लागतो, तर अमेरिकेच्या स्कल्पी प्रीमोला १३०. मैत्रिणीचा आकडा तिच्या पाकिटाचा असतो. आपलं पाकीट आपण वाचायचं.

दुसरी चूक धास्तीची. १०० अंश आणि पंधरा मिनिटं हे दोन्ही अपुरे. ही चूक सर्वांत जास्त होते आणि सर्वांत कमी ओळखली जाते. वस्तू तुटली की ‘जास्त भाजली म्हणून कडक झाली’ असं वाटतं आणि पुढच्या वेळी आणखी कमी भाजली जाते. खरं तर ठिसूळ तुकडा बहुतेक वेळा कच्चा असतो.

तिसरी चूक बटणावर विश्वास ठेवण्याची. ओटीजीचं बटण तापमान दाखवत नाही, ते फक्त मागणी नोंदवतं. आतली कांडी तापते, थर्मोस्टॅट तिला बंद करतो, हवा निवते, कांडी पुन्हा पेटते. या चढउतारात लहान ओटीजीत वीस-तीस अंशांचा फरक सहज पडतो. त्यात डबा लहान, म्हणजे कांडी मालाच्या अगदी जवळ. जो मोदक कांडीच्या जवळ, तो पिवळा; जो दाराच्या काचेजवळ, तो कच्चा. तुमच्या तिसऱ्या घाण्यात एकाच पत्र्यावर दोन हवामानं होती.

क्ले भाजताना आत नेमकं काय होतं, ते कळलं तर बाकीचं आपोआप उलगडतं. पॉलिमर क्ले ही मातीच नाही. पाण्याचे पाइप आणि विजेच्या वायरींचं वेष्टन ज्या पीव्हीसीचं असतं, त्याच पीव्हीसीचे अतिसूक्ष्म कण, त्यांना मऊ ठेवणारा तेलासारखा द्रव, रंग आणि थोडी भर, एवढाच तिचा संसार. त्या द्रवाला प्लास्टिसायझर म्हणतात. कच्च्या क्लेमध्ये कण आणि द्रव शेजारी शेजारी असतात, एकजीव झालेले नसतात. उष्णता मिळाली की कण द्रव शोषून फुगतात आणि पुरेशा तापमानाला एकमेकांत वितळून अखंड होतात. साबुदाण्यासारखंच समजा : नुसता भिजला तर दाणा दाण्यापासून सुटतो, शिजला तर चीक सुटून सगळं एक होतं. तुमचा दुसरा घाणा भिजलेला होता, शिजलेला नव्हता. बोटाला घट्ट लागत होता, पण कण एकमेकांना धरून नव्हते.

यात काही वाळत नाही, काही उडून जायचं नसतं. म्हणून कमी तापमानावर जास्त वेळ ठेवून भागत नाही. १०० वर चार तास ठेवले तरी कण धड वितळणार नाहीत. उलट योग्य तापमानावर वेळ थोडा जास्त झाला तर काही बिघडत नाही. लक्ष अंशांवर ठेवायचं, मिनिटांच्या बाबतीत सढळ राहायचं.

आता करपण्याचं. फार तापलं की पीव्हीसीच्या साखळीतून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटू लागतो. डोळे झोंबवणारा तो हाच. तो सुटला की साखळीत जे दुहेरी बंध मागे राहतात, ते प्रकाश शोषतात आणि आपल्याला आधी पिवळा, मग तपकिरी, शेवटी काळा रंग दिसतो. सुटलेला वायू पुढच्या विघटनालाही हातभार लावतो, म्हणून करपणं सुरू झालं की झपाट्याने वाढतं. गडद रंगात हा बदल लपतो. पांढऱ्यात आणि पारदर्शक क्लेमध्ये तो लगेच दिसतो, आणि तुम्ही नेमका पांढरा निवडलात.

म्हणजे हिशेब असा : करपलेलं लगेच कळतं, पण सुधारत नाही, कच्चं राहिलेलं सुधारता येतं, पण कळत नाही. पहिल्या घाण्याने तुम्हाला घाबरवलं, पण जास्त सावध राहायला हवं ते दुसऱ्याबद्दल. तो पांढराशुभ्र, देखणा घाणा तुम्ही वाणात वाटला असता, तर शिमग्याच्या आत कुणाच्या तरी फ्रिजवरून त्याच्या कळ्या गळल्या असत्या. तो टाकून मात्र देऊ नका. योग्य तापमानावर पुन्हा पूर्ण भाजा. तुटलेल्या कळ्या जोडता आल्या नाहीत तरी उरलेले मोदक पक्के होतील. महिन्यांनी भाजलं तरी चालतं.

आता चौथ्या घाण्यासाठी पाच गोष्टी करा.

१. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर आणा. बेकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. तो मोदकांच्या शेजारी, त्यांच्याच उंचीवर ठेवा आणि काटा जे म्हणेल ते खरं माना. बटण १३० वर असताना काटा १५० दाखवत असेल, तर बटण मागे घ्या.

२. पत्र्याऐवजी जाड सिरॅमिक टाइल वापरा. ती उष्णता धरून ठेवते, त्यामुळे चढउतार बोथट होतात. टाइलवर कोरा कागद घाला, नाहीतर खालच्या बाजूला चकचकीत डाग पडतो. छापील वर्तमानपत्र नको, शाई उमटते. कागदाची कड कांडीला लागणार नाही असा तो कापा.

३. अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तंबू करून मोदक झाका, किंवा केकचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा पालथा घाला. कांडीचा थेट झोत टळतो आणि पांढरा पांढरा राहतो.

४. ओटीजी रिकामा वीस मिनिटं तापवा, मग माल ठेवा. वेळ मोजायचा तो काटा ठरल्या अंशावर स्थिरावल्यापासून.

५. जाडी मोजा. प्रीमोसारख्या क्लेला सहा मिलिमीटर जाडीमागे तीस मिनिटं लागतात. बोराएवढा भरीव मोदक दीड सेंटीमीटरचा धरला, तर सव्वा तास हवा. तुम्ही तर अर्ध्या तासात उतरवत होता! त्यापेक्षा फॉइलची घट्ट गोळी करून तिच्यावर चार-पाच मिलिमीटरचं आवरण चढवा, किंवा मागून सपाट असा अर्धाच मोदक करा. चुंबकाला सपाट पाठ लागतेच.

आणि प्रत्येक घाण्याबरोबर त्याच क्लेची तीन मिलिमीटर जाडीची एक पट्टी भाजा. पूर्ण गार झाल्यावर ती वाकवा. वाकून पूर्ववत आली तर घाणा पक्का. कटकन मोडली तर मोदकही कच्चे, पुन्हा आत. काही स्वस्त, फार मऊ क्ले पुरत्या भाजल्या तरी बारीक भागात ठिसूळच राहतात. त्या कळ्यांसाठी वापरू नका. गरम असताना परीक्षा घेऊ नका, तेव्हा पक्का झालेला तुकडाही रबरासारखा लुळा असतो आणि घाईने उचलला तर कळ्या मोडतात.

प्रश्न : मग बेकरीचं काय? आणि ज्यांच्याकडे ओटीजी नाही, त्यांनी कुकरमध्ये किंवा उकळत्या पाण्यात भाजलं तर?

उत्तर : बेकरीची भट्टी पाव-बनसाठी दोनशे अंशांच्या आसपास चालते, तिथे तुमच्या पहिल्या घाण्याचीच पुनरावृत्ती होईल. शिवाय ज्या भट्टीत लोकांचं खाणं भाजलं जातं, तिथे प्लास्टिक न्यायचं नाही. नानकटाई आणि क्लेमध्ये पत्रा सोडला तर काही समान नाही.

उकळत्या पाण्याचा उपाय काही जण सांगतात. समुद्रकिनारी पाणी १०० अंशांना उकळतं. येलहंका समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर आहे, त्यामुळे तुमच्याकडे ते ९७ अंशांच्या आसपासच उकळतं. वर पाणी क्लेमध्ये शिरून पांढुरके डाग पाडतं. मुंबईत जे कच्चं राहील, ते बंगळुरूत जरा जास्तच कच्चं राहील. कुकरमध्ये दाबामुळे वाफ १२० अंशांच्या जवळ जाते, पण ती ओली असते, आणि वरणभाताचं भांडं या कामात अडकवायचं नाही. कढईत मीठ घालून केक करतात तसं केलं, तर तळाशी दोनशेच्या वर आणि वर शंभराच्या खाली, असं काहीही होऊ शकतं. मायक्रोवेव्ह लहरींवर तर अजिबात नको. मायक्रोवेव्हमध्ये कन्व्हेक्शनची सोय असेल, तर फक्त त्या मोडवर चालेल. ओटीजी नसेल तर शेजारणीचा मागा आणि थर्मामीटर आपला न्या.

प्रश्न : भाजताना मध्येच वीज गेली. बेसकॉमची वीज तासाभराने आली. माल वाया गेला का?

उत्तर : नाही. दार उघडू नका, आतलं आत निवू द्या. वीज आल्यावर पुन्हा तापवा आणि पूर्ण वेळ नव्याने मोजा. आधीची दहा-पंधरा मिनिटं वजा करायची गरज नाही. पॉलिमर क्ले कितीही वेळा भाजता येते. याचा फायदा घेऊन जाणते लोक मुद्दाम टप्प्याटप्प्याने भाजतात : आधी ताट, मग त्यावर पुरणपोळी, मग तुपाची धार. पक्क्या झालेल्या थरावर पुढचा थर करताना खालच्यावर बोटांचे ठसे उमटत नाहीत. ओटीजी घरच्या इन्व्हर्टरवर लावून पाहू नका. कांडीला लागणारा भार साधारण घरगुती इन्व्हर्टरला पेलत नाही.

प्रश्न : वीतभर उंचीचा गणपती केला. भाजून काढला तर पोटावर भेग. पेणच्या मूर्तींना तडे का जात नाहीत?

उत्तर : शाडूच्या मूर्तीला तडे जातात ते पाणी उडून जाताना. बाहेरचा थर आधी आकसतो, आतला मागे राहतो. पेणचे कारागीर मूर्ती पोकळ ठेवतात आणि सावलीत सावकाश वाळवतात, ते यासाठीच. तुमच्या गणपतीत पाणी नाही, पण भेगेचं कारण त्याच जातीचं आहे : आत आणि बाहेर वेगवेगळ्या वेगाने होणारा बदल. बाहेरचा थर तापून घट्ट झाला, मग आतली क्ले आणि तिच्यात अडकलेली हवा तापून प्रसरण पावली आणि पोट फाडून बाहेर आली.

उपायही तोच, पोट भरीव ठेवायचं नाही. फॉइल चुरगाळून, टाइलवर घासून घट्ट गोळा करा; सैल फॉइलमध्ये हवा राहते. त्यावर सहा-सात मिलिमीटरचा थर चढवा. एवढी मोठी वस्तू थंड ओटीजीत ठेवून मग तापवा आणि बंद केल्यावर दार न उघडता आतच गार होऊ द्या. पडलेली भेग भरता येते : त्याच रंगाची क्ले भेगेत दाबा, बोटाने सपाट करा, पुन्हा भाजा. भेग गणपतीच्या मागच्या बाजूला असेल, तर ती तशीच राहू द्या. दर भाजण्याला पांढऱ्याचा रंग थोडा बदलण्याची जोखीम असते.

प्रश्न : ज्या ओटीजीत केक करतो, त्यातच क्ले भाजली तर घरच्यांना अपाय होईल का?

उत्तर : ठरलेल्या तापमानावर भाजताना हलका प्लास्टिकी वास येतो, तेवढाच. खिडकी उघडी ठेवा. माल झाकून भाजला तर आतल्या भिंतींवर चिकट थर बसत नाही. तरी झाल्यावर ओटीजी पुसून घ्या. टाइल, लाटणं, सुऱ्या, साचे मात्र क्लेचे वेगळे ठेवा, पुन्हा स्वयंपाकाला नको. नियमित विकण्याइतकं काम असेल, तर क्लेचा ओटीजी वेगळा असलेलाच बरा.

नाकातोंडाला झोंबणारा वास आला, तर तो धोक्याचा इशारा. लगेच बटण बंद करा, खिडक्या उघडा, मुलांना दुसऱ्या खोलीत न्या आणि डबा निवेपर्यंत दार उघडू नका.

पाकिटावर काय लिहिलंय तेही पाहा. पूर्वी प्लास्टिसायझर म्हणून थॅलेट नावाची रसायनं सर्रास वापरली जात. मुलांच्या वस्तूंमधल्या काही थॅलेटवर अमेरिकेत २००८च्या कायद्याने बंधनं आली, युरोपातही आली, आणि मोठ्या उत्पादकांनी मिश्रणं बदलली. एएसटीएम डी-४२३६ किंवा ईएन ७१ यांसारखा उल्लेख आणि भाजण्याचं तापमान, दोन्ही नसलेली निनावी पाकिटं स्वस्त पडली तरी घेऊ नका. आणि पॉलिमर क्लेची वाटी, चमचा, निरांजन करू नका. अन्न आणि ज्योत, दोन्ही तिच्यापासून लांब.

प्रश्न : चुंबक आत दाबून भाजला, तर भाजून झाल्यावर तो धरेनासा झाला. आणि चमक यावी म्हणून लावलेलं नेलपॉलिश दोन महिन्यांनी चिकट झालं.

उत्तर : छोटे, चंदेरी, ताकदवान चुंबक निओडिमियमचे असतात. त्यांचा साधा प्रकार ८० अंशांपलीकडे तापला की चुंबकत्व गमावू लागतो. १३० ला तो गेलाच. काळे फेराइट चुंबक या उष्णतेला दाद देत नाहीत, पण त्यांची पकड कमी. म्हणून भाजण्यापूर्वी चुंबकाच्या आकाराचा खळगा करा आणि चुंबक भाजून गार झाल्यावर दोन भागांच्या इपॉक्सी गोंदाने बसवा.

नेलपॉलिशमधली द्रावकं क्लेमधल्या प्लास्टिसायझरशी जमवून घेत नाहीत, वरचा थर हळूहळू मऊ आणि चिकट होतो. फवाऱ्याच्या डब्यातल्या बऱ्याच वार्निशांचंही तेच. पाण्यात मिसळणारं अ‍ॅक्रिलिक वार्निश वापरा. खरं तर नीट भाजलेल्या क्लेला टिकण्यासाठी वार्निशची गरजच नसते. पाण्याखाली बारीक पॉलिशपेपरने घासून सुती कापडाने चोळली तरी ती तुकतुकीत होते.

प्रश्न : उरलेली क्ले प्लास्टिकच्या डबीत ठेवली, तर डबीच वितळली. दुसऱ्या पाकिटातली क्ले न भाजताच कडक निघाली!

उत्तर : डबी उष्णतेने वितळली नाही, प्लास्टिसायझरने ती खाल्ली. कडक, पारदर्शक पॉलिस्टायरीनची डबी असेल तर हे होतंच. डब्याच्या तळाशी त्रिकोणात ५ आकडा असेल तर तो पॉलिप्रॉपिलीनचा, तो चालतो. ६ असेल तर नको. कागदात गुंडाळूही नका, कागद द्रव शोषतो आणि क्ले भुसभुशीत होते. पॉलिश केलेल्या टेबलावर कच्ची क्ले रात्रभर राहिली, तर पॉलिश उठतं.

न भाजता कडक झालेली क्ले बहुतेक वाटेतच अर्धी भाजली गेली. बंगळुरूचा उन्हाळा सौम्य, पण उन्हात उभ्या कुरिअरच्या गाडीत पार्सल चांगलंच तापतं. त्यामुळे मार्च ते मे क्ले मागवायचीच असेल, तर थोडी मागवा, आणि पाकीट दाबून पाहा. दाबूनही बोट उमटत नसेल, तर परत करा.

प्रश्न : माझ्या मुलीने शाळेच्या प्रकल्पाची हवेत वाळणारी क्ले ओटीजीत भाजली. ती उकलली. क्ले ती क्लेच ना?

उत्तर : दुकानात एकाच फळीवर तीन निराळ्या वस्तू असतात. हवेत वाळणाऱ्या क्लेमध्ये पाणी असतं, तिला सावली आणि वेळ हवा. ओटीजीत तिचं पाणी घाईने निघतं आणि ती उकलते. दोन लाद्या एकत्र मळायच्या असतात, ती राळ आणि हार्डनरची; ती रासायनिक क्रियेने आपोआप घट्ट होते, तिला भाजू नका. भाजायची ती फक्त पॉलिमर क्ले, आणि तिच्या पाकिटावर तापमान छापलेलं असतंच. पाकिटावर अंश नाहीत, तर ओटीजी नाही.

प्रश्न : हा पदार्थ शोधला कुणी? मातीकाम करणाऱ्यांनी की रसायनवाल्यांनी?

उत्तर : तो दोन वेगळ्या ठिकाणांहून आला, आणि दोन्ही वेळा दुसरंच काम फसल्यावर. जर्मनीत केथे क्रूझे यांचा बाहुल्यांचा प्रसिद्ध कारखाना होता. १९३९च्या सुमारास बाहुल्यांची डोकी करण्यासाठी नेहमीच्या प्लास्टिकऐवजी एक पर्याय तिथे आला, पण कारखान्याच्या कामात तो बसला नाही. तो केथे यांची मुलगी सोफी हिच्या हाती गेला. घरात तिला फिफी म्हणत. तिने त्यातून कलाकामाचं साहित्य घडवलं. १९६४ मध्ये एबरहार्ड फाबर कंपनीने ते घेतलं आणि फिमो म्हणून बाजारात आणलं. अमेरिकेतली स्कल्पी त्याच दशकातली. विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधली उष्णता बाहेर काढण्यासाठी तो पदार्थ बनवला होता. त्या कामी तो निरुपयोगी ठरला, पण त्याला आकार देऊन भाजता येतं हे लक्षात आलं आणि तो कलाकारांच्या टेबलावर पोहोचला.

प्रश्न : माझे सासरे येलहंक्याच्या रेल व्हील फॅक्टरीतून निवृत्त झाले. ते म्हणतात, दर घाण्याची वही ठेवा. बोटभर मोदकांसाठी एवढा व्याप?

उत्तर : सासऱ्यांचं ऐका. १९८४ मध्ये सुरू झालेल्या त्या कारखान्यात भंगार पोलाद विजेच्या आर्क भट्टीत वितळवतात आणि दाबाने ग्रॅफाइटच्या साच्यांत चढवून चाकं ओततात. चाक ओतलं म्हणजे काम संपलं असं नाही. ते पुन्हा भट्टीत तापवतात, कडेवर पाणी मारून ती झटकन थंड करतात आणि मग बेताच्या आचेवर पुन्हा तापवून आतला ताण काढतात. गाडीखाली जाण्याआधी चाकाची ध्वनिलहरींनी तपासणी होते, कारण आतली भेग डोळ्यांना दिसत नाही. त्या कामात वरून चांगलं दिसण्याला किंमत नाही. कोणतं पोलाद किती तापलं, किती वेळ तापलं याच्या नोंदीला आहे.

तुमची अडचण तीच आहे. कच्चा मोदक डोळ्यांना दिसत नाही. नोंद आणि पट्टीची परीक्षा, एवढीच दोन साधनं हाताशी आहेत. चाकांच्या कारखान्याला एक सवलतही आहे जी तुम्हाला नाही : बाद झालेलं पोलाद पुन्हा भट्टीत जाऊन वितळतं. भाजलेली क्ले पुन्हा कच्ची होत नाही.

व्याप मोठा नाही. दर घाण्याला एक क्रमांक द्या आणि तो सुईने पट्टीवर कोरा. वहीत एका ओळीत लिहा : क्लेची कंपनी आणि रंग, सर्वांत जाड भाग किती मिलिमीटर, बटण किती अंशांवर, थर्मामीटरचा सर्वांत खालचा आणि वरचा आकडा, किती मिनिटं, टाइलवर कोणता तुकडा कुठे होता, आणि गार झाल्यावर पट्टी वाकली की मोडली. एका वेळी एकच गोष्ट बदला. तापमानही बदललं, वेळही बदलला आणि क्लेही बदलली, तर सुधारणा कशाने झाली ते कळत नाही. पहिल्या वाचकताईंच्या तीन घाण्यांत नेमकं हेच झालं : दर वेळी अंश आणि वेळ दोन्ही बदलले, म्हणून एका घाण्याने पुढच्याला काही शिकवलं नाही.

चार-पाच ओळी झाल्या की तुमच्या ओटीजीचा स्वभाव कागदावर येतो : बटण कुठे ठेवलं की काटा १३० वर राहतो, कोणता कोपरा जास्त तापतो, कुठे काहीच ठेवू नये. पुढच्या वर्षी नवा ओटीजी आला, तर वही नवी सुरू करायची. संक्रांतीचं वाण रथसप्तमीपर्यंत देता येतं. हाताशी वेळ आहे. आधी दोन घाणे नुसत्या पट्ट्यांचे काढा, मोदक नंतर. आणि वाटण्याआधी त्या घाण्यातला एक मोदक जमिनीवर टाकून पाहा. तो फुटला, तर बाकीचे सगळे पुन्हा आत.